अंड्यावरची जुनी कोंबडी आजारी पडली तर...

मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी. यंत्रमागाच्या वस्तीत मागे-पुढे थोडी मोकळी जागा असली की तेथे एखादे खुराडे हमखास दिसते. पाच-दहा कोंबड्या असतात. त्यांचा हिशेब घरातल्या भगिनींकडे असतो. अंडी विकून आलेल्या पैशातून मुलांच्या वह्या, मीठ-मिरची, कधी दवाखान्याची चिठ्ठी निघते. सूत महागले, कापडाला उठाव नाही, माग बंद ठेवावे लागले, अशा दिवसांत या चिल्लर वाटणाऱ्या रकमेची खरी किंमत कळते. म्हणूनच या आठवड्यात आम्ही कापडाचा भाव बाजूला ठेवून खुराड्याचा विषय घेतला आहे.

हा विषय घेण्याचे आणखी एक कारण आहे. मोठ्या पोल्ट्री फार्मवर अंड्याची कोंबडी साधारण ७२ ते ८० आठवड्यांची झाली की तिला खाटकाकडे पाठवतात. म्हातारपण काय असते हे त्या कोंबडीला माहीतच नसते. त्यामुळे पुस्तके, औषधांचे दुकानदार आणि खाद्य कंपन्यांचे प्रतिनिधी बोलतात ते पिलांबद्दल नाहीतर तरुण कोंबडीबद्दल. आपल्या घरची कोंबडी मात्र तीन, चार, कधी सहा वर्षेही नांदते. ती अंडी कमी देते, पण खुडूक बसून पिले काढते, उष्टे-खरकटे खाऊन जगते आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी येते. अशा जुन्या कोंबडीचे आजार वेगळे असतात आणि ते ओळखण्याची रीतही वेगळी असते. आमचा धंदा कापडाचा आहे, आम्ही पशुवैद्य नाही. पण माल पारखण्याची सवय आम्हाला आहे आणि कोंबडी पाळण्यातही अर्धे काम पारखण्याचेच असते.

आजार लपवणारा जीव

पहिली गोष्ट ही लक्षात घ्यावी की कोंबडी आपला आजार लपवते. कळपात जी कमजोर दिसते तिला बाकीच्या टोचतात आणि मांजर-घारही तिलाच हेरते. म्हणून अंगात बळ आहे तोपर्यंत ती दाणे टिपल्यासारखे करते, कळपाबरोबर फिरते. ती पिसे फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी राहिली, म्हणजे आजार आज लागला असे समजू नये. तो कित्येक दिवसांपासूनचा असू शकतो.

यावर उपाय एकच. कोंबडी चांगली असतानाच तिला हाताने तपासण्याची सवय ठेवावी. तागा उलगडून उजेडाला धरल्याशिवाय त्यातली तुटलेली तार दिसत नाही, तसेच कोंबडी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आठवड्यातून एकदा, रात्री कोंबड्या बसल्यावर, एकेकीला उचलून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) छातीचे हाड : दोन्ही बाजूंना मांस हाताला लागले पाहिजे. हाड सुरीच्या पात्यासारखे वर आले असेल तर कोंबडी आतून झिजत आहे.

२) गळ्याखालची दाण्याची पिशवी : रात्री भरलेली, सकाळी रिकामी. सकाळीही ती फुगलेली असेल तर काहीतरी अडले आहे.

३) पोट : मऊ असावे. कडक, किंवा पाण्याच्या पिशवीसारखे हेलकावणारे पोट चांगले नव्हे.

४) अंडे देण्याची जागा : अंड्यावर असलेल्या कोंबडीची ती ओलसर व रुंद असते. तिच्याजवळच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटे मावतात. अंडी बंद असतील तर ती जागा कोरडी व आवळलेली असते आणि अंतर एका बोटावर येते.

५) तुरा, डोळे, नाक : तुरा लाल, डोळे उघडे व चमकदार, नाक कोरडे असावे. श्वासाचा घरघर आवाज होता कामा नये.

६) पायाचे तळवे, नडगीचे खवले आणि पंखाखालची कातडी.

७) सकाळी खुराड्यातली विष्ठा : करडी-तपकिरी आणि वर पांढरा ठिपका, ही निरोगी. दिवसातून एखाद-दोन वेळा चिकट, चॉकलेटी रंगाची, फार वास येणारी विष्ठा पडते, तीही नेहमीचीच. तिला घाबरू नये. हिरवी पाण्यासारखी, रक्त मिसळलेली किंवा चुन्यासारखी पांढरी पातळ विष्ठा मात्र इशारा समजावी.

दहा कोंबड्यांना याला पंधरा मिनिटे लागतात. कोणती कोंबडी हाताला हलकी लागली, कोणाचे अंडे कधी थांबले, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवावे.

जे आजार नाहीत

जुन्या कोंबडीच्या बाबतीत निम्म्या तक्रारी आजाराच्या नसतातच. औषधाला पैसे घालण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, पिसे गळणे. पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले की जुनी कोंबडी जुनी पिसे टाकून नवी घेते. हे काम साधारण ८ ते १२ आठवडे चालते. या काळात अंडी बंद होतात, तुरा फिका व लहान होतो, कोंबडी ओकीबोकी दिसते. पण ती खाते, चालते आणि डोळे उघडे ठेवते. तिला या काळात औषध नको, सकस खाणे हवे. कारण पीस हे जवळजवळ सगळे प्रथिनांचेच बनलेले असते. थोडी सुकट, सोयाबीनची पेंड किंवा अंड्याच्या कोंबडीचे तयार खाद्य द्यावे. शेंगदाण्याची पेंड देताना बुरशी लागलेली नाही ना, हे पाहावे. बुरशीची पेंड कोंबडीचे यकृत नासवते.

दुसरी, खुडूक बसणे. खुडूक कोंबडीही पिसे फुगवून बसते, कमी खाते, अंडी देत नाही. पण तिला हात लावला तर ती गुरगुरते, टोचते आणि दिवसातून एक-दोनदा उठून भराभर खाऊन परत बसते. आजारी कोंबडी हात लावला तरी विरोध करत नाही. हा फरक सोपा आहे. पिले काढायची असतील तर अंड्यांवर २१ दिवस बसू द्यावे. नसतील तर खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणा-पाणी देऊन ठेवावे, म्हणजे खुडूक मोडते.

तिसरी, निव्वळ वय. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. ग्रामप्रिया, वनराजा, गिरिराजा या सुधारित जाती त्याहून जास्त देतात. पण जात कोणतीही असो, पहिल्या वर्षानंतर दरवर्षी अंडी घटतात. अंडे आकाराने मोठे होते व कवच पातळ होते. चौथ्या वर्षी तिच्याकडून पहिल्या वर्षाचा हिशेब मागणे बरोबर नव्हे.

या तिन्हींपैकी काही नसेल आणि कोंबडी सुस्त असेल, तर ती आजारी आहे असे धरून चालावे.

आधी वेगळी करा

आजार कोणता, याचा विचार नंतर. पहिले काम कोंबडी वेगळी करण्याचे. तिला डालग्याखाली किंवा खोक्यात, इतर कोंबड्यांपासून शक्य तितक्या लांब ठेवावे. हिवाळ्यात ऊब व उन्हाळ्यात वारा मिळेल अशी जागा पाहावी. खाली वर्तमानपत्र अंथरावे. चोवीस तासांत ती किती खाते, किती पाणी पिते, विष्ठा कशी पडते, अंडे येते की नाही, हे त्या कागदावर स्वच्छ दिसते. डॉक्टरांनी विचारले तर सांगायला तुमच्याकडे काही असते.

आधी चांगल्या कोंबड्यांना दाणा-पाणी करावे, आजारी कोंबडीकडे शेवटी जावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. तिचे भांडे वेगळे ठेवावे. मुलांना तिच्याशी खेळू देऊ नये. पाण्यात मेडिकलमध्ये मिळणारी ओ.आर.एस.ची पुडी, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळून एक-दोन दिवस द्यायला हरकत नाही. पण चोच उघडून घशात पाणी ओतण्याची जी रीत आहे ती सोडावी. पाणी श्वासनलिकेत जाते आणि आजाराने न मरणारी कोंबडी पाण्याने मरते. चोचीच्या कडेला थेंब थेंब लावावा, ती स्वतः गिळते.

जुन्या कोंबडीचे घरगुती आजार

पुढील आजार सहसा एकाच कोंबडीला होतात, कळपात पसरत नाहीत. वयामुळे, खाण्यामुळे किंवा जागेमुळे ते येतात.

अंडे अडकणे : कोंबडी शेपूट खाली टाकून उभी चालते, सारखी घरट्यात जाते-येते, जोर लावते, अंडे पडत नाही. एका अंड्याच्या कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागते. ते खाण्यातून मिळाले नाही तर ती आपल्या हाडांतून काढते. जुन्या कोंबडीची ही शिल्लक संपत आलेली असते. कॅल्शियम कमी पडले की कवच कच्चे राहते आणि अंडे ढकलणारे स्नायूही ढिले पडतात. अशा वेळी हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात पोटापर्यंत १५-२० मिनिटे बसवावे, पुसून कोरडे करावे, अंड्याच्या जागेला गोडे तेल लावावे आणि अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. पोट दाबून अंडे काढण्याचा किंवा आतल्या आत फोडण्याचा प्रयत्न कधीही करू नये. कवचाचा तुकडा आतून फाडतो. दिवसभरात अंडे आले नाही तर दवाखान्यात न्यावे, तेथे कॅल्शियमचे इंजेक्शन देता येते.

हा त्रास टाळण्यासाठी शिंपल्याचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले वेगळ्या वाटीत कायम ठेवावीत. गरज असलेली कोंबडी ते स्वतः खाते. सगळ्यांच्या खाद्यात ते सरसकट मिसळू नये. कोंबडा व पिले यांच्या मूत्रपिंडांना जादा कॅल्शियम बाधते.

पोटात बलक किंवा पाणी साठणे : बलक अंड्याच्या नळीत जाण्याऐवजी पोटात पडतो आणि तेथे सडतो. कोंबडी बदकासारखी फेंगडी चालते, पोट मोठे व खाली लोंबलेले, छाती मात्र वाळलेली. वय झालेल्या कोंबडीत अंडाशयाच्या गाठीमुळेही असेच होते. माणसाच्या अंडाशयाच्या कर्करोगाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ कोंबडीवर अभ्यास करतात, कारण हा रोग तिला आपोआप होतो. अगदी सुरुवातीला डॉक्टरांच्या औषधाने आराम पडू शकतो. पण पोट फुगल्यावर बरी होण्याची आशा फार थोडी असते. येथे महागडी औषधे आणून पैसा घालवू नये आणि जनावराला रखडवतही ठेवू नये.

अंड्याची वाट बाहेर येणे : मोठे अंडे देताना आतला लाल भाग बाहेर येतो. इतर कोंबड्या लाल रंग पाहून टोचतात आणि आतडी ओढून काढतात. म्हणून तत्काळ वेगळी करावी. कोमट मीठ-पाण्याने धुवावे, सूज असेल तर साखर भुरभुरावी म्हणजे सूज उतरते, आणि तेल लावलेल्या स्वच्छ बोटाने हळूच आत सारावे. काही दिवस अंधाऱ्या जागी ठेवावे म्हणजे अंडी थांबतात व जागा आवळते. पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

पिशवी तुंबणे : आपल्या मागवाल्या वस्तीत याकडे विशेष लक्ष हवे. अंगणात पडलेले सुताचे तुकडे, चिंध्या, प्लॅस्टिकच्या सुतळ्या कोंबडी गवत समजून गिळते. त्यांचा गोळा पिशवीत अडकतो. सकाळी पिशवी कडक लागते, चोचीला आंबूस वास येतो. दाणा बंद ठेवून फक्त पाणी द्यावे, चोचीच्या कडेने थोडे थोडे गोडे तेल द्यावे आणि पिशवी हलक्या हाताने चोळावी. कोंबडी उलटी धरून पिशवी पिळू नये. घाण श्वासनलिकेत जाते. एका दिवसात मोकळी झाली नाही तर डॉक्टर छोटी चीर देऊन गोळा काढू शकतात. हेच धागे बोटांना गुंडाळून रक्त अडवतात आणि बोट काळे पडून गळते. पायाची तपासणी करताना धागा दिसला तर कात्रीने कापावा. त्यापेक्षा सोपे म्हणजे कारखान्यातला कचरा अंगणात टाकूच नये.

चरबीचा आजार : शिळा भात, पाव, रोटी भरपूर आणि फिरायला जागा नाही, अशी कोंबडी बाहेरून धडधाकट दिसते. एखाद्या कडक दुपारी ती अचानक मरून पडते, तुरा पांढराफटक असतो. पोट उघडले तर यकृत पिवळे, ठिसूळ आणि आत रक्त साकळलेले. लोकांना वाटते नजर लागली किंवा कोणी विष घातले. खरे कारण घरातल्या प्रेमाचे असते. उष्टे मूठ-पसाभर, तेही संध्याकाळी. बाकी खाद्य आणि मेथीच्या काड्या, कोबीचा पाला, लसूणघास असा हिरवा चारा द्यावा.

उन्हाचा त्रास : कोंबडीला घाम येत नाही. तिचे शरीर मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस इतके गरम असते. खानदेश-विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खुराड्यात ती चोच उघडी ठेवून धापा टाकते आणि या धापांमुळेही कवच पातळ होते. पत्र्यावर ओले पोते टाकावे, सावलीत मातीच्या भांड्यात गार पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे. कोंबडी आडवी झाली तर पाय गार पाण्यात बुडवावेत. एकदम बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये.

पाय, उवा आणि जंत : तळव्यावर काळी खपली व सूज दिसली तर काटा किंवा खडबडीत दांडीची जखम पिकली आहे. कोमट मीठ-पाण्यात शेकून, जंतुनाशक लावून पट्टी बांधावी. बसायची दांडी गुळगुळीत व ठेंगणी करावी. नडगीचे खवले उचकटून चुना फासल्यासारखे दिसत असतील तर खवल्याखाली किडा आहे. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासावे व खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोपडावे. हे आठवड्यातून दोनदा, काही आठवडे करावे. रॉकेल लावू नये, कातडी भाजते.

उवा पंखाखाली व शेपटीखाली दिसतात. काही किडे मात्र दिवसा खुराड्याच्या फटीत लपून रात्रीच रक्त पितात. म्हणून रात्री बॅटरी घेऊन पाहावे. जुन्या कोंबडीचा तुरा पांढरा पडण्याचे हे मोठे कारण आहे. चाळलेली राख व बारीक वाळू यांचा खड्डा करून द्यावा, कोंबडी त्यात लोळते. फटी बुजवून चुना मारावा. ढेकणाचे किंवा शेतात फवारायचे औषध कोंबडीवर कदापि मारू नये. ते अंड्यात उतरते. कोंबडी खाते पण वाळत जाते, विष्ठेत शेवयांसारखे पांढरे किडे दिसतात, तर ते जंत होत. डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने सगळ्या कोंबड्यांना एकाच वेळी जंताचे औषध द्यावे.

कळप संपवणारे आजार

आता दुसरा प्रकार. एक कोंबडी आजारी पडली आणि दोन-तीन दिवसांत आणखी काही सुस्त झाल्या, तर हा संसर्ग आहे असे समजावे.

मानमोडी : यालाच राणीखेत म्हणतात. उत्तराखंडातील राणीखेत गावावरून हे नाव पडले. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून श्वास, मान वाकडी होणे, पाय-पंख लुळे पडणे आणि मग भराभर मरतूक. लस घेतलेल्या जुन्या कोंबडीत कधी फक्त अंडी एकदम घटतात व बिनकवचाची अंडी पडतात. या रोगावर औषध नाही. हळद-लसूण, मेडिकलची कॅप्सूल, काहीही चालत नाही. फक्त लस आहे. पिलाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बीचे इंजेक्शन. पुढे कधी द्यायचे ते दवाखान्यात विचारावे. लस निरोगी कोंबडीलाच द्यावी.

देवी : तुऱ्यावर, डोळ्यांभोवती चामखिळीसारखे फोड. डास हा रोग पसरवतात. फोडांना आयोडीन लावावे, डोळे कोमट पाण्याने पुसावेत. घशात फोड नसतील तर बहुतेक कोंबड्या तीन-चार आठवड्यांत सावरतात. यालाही लस आहे.

सर्दी : तोंड सुजते, नाकातून घाण वासाचा स्राव येतो, डोळा बंद होतो. यावर डॉक्टरांचे औषध लागू पडते, पण बरी झालेली कोंबडीही रोग बाळगून राहू शकते. म्हणून बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवल्याशिवाय कळपात सोडू नये.

बर्ड फ्लू : फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथम हा रोग सापडला. तेथील पोल्ट्री व्यवसायाची काय अवस्था झाली हे खानदेशातील आपल्या बांधवांना सांगायला नको. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातही तो आढळला. एकाच वेळी अनेक कोंबड्या मरणे, तुरा निळा पडणे, डोके सुजणे ही लक्षणे दिसली तर कोंबडीला हात लावू नये, कापू नये, विकू नये. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. काही लोक नुकसानीच्या भीतीने बातमी दाबतात. त्यांनी हा हिशेब समजून घ्यावा की सरकारी भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे जितका उशीर तितका तोटा आपलाच, आणि हा रोग माणसालाही होऊ शकतो हे वेगळेच.

औषध आणि अंडी

मेडिकलमधून माणसांची कॅप्सूल आणून अर्धी पाण्यात विरघळवण्याची रीत घरोघर आहे. ती बंद व्हावी असे आम्हाला मनापासून वाटते. कारण ते औषध अंड्यात उतरते आणि अंडी आपलीच मुले खातात. थोडे थोडे औषध पोटात जात राहिले की जंतू त्याला सरावतात आणि उद्या मूल आजारी पडल्यावर तेच औषध लागू पडत नाही. कोलिस्टिन हे औषध पोल्ट्रीत सर्रास वापरले जाई. माणसांसाठी ते शेवटच्या आधाराचे औषध आहे. म्हणून केंद्र सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत व कोंबड्यांत त्यावर बंदी घातली.

जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर, औषध बंद केल्यानंतर किती दिवस अंडी वा मांस वापरू नये, हे लिहिलेले असले पाहिजे, असा नियम २०१२ पासून आहे. ज्या औषधासाठी मुदत ठरलेली नाही तेथे अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत, असे तोच नियम सांगतो. हे दोन आकडे घरातल्या भगिनींनी पाठ करावेत. त्या दिवसांतली अंडी खाऊ नयेत, शेजाऱ्याला देऊ नयेत आणि विकूही नयेत. सात दिवसांच्या अंड्यांचे नुकसान चार-दोन अंड्यांचे असते. जुनी कोंबडी देते तरी किती?

शेवटचा निर्णय

कोंबडी बरी होत नाही असे दिसले की बहुतेक घरांत एकच धावपळ होते : मरण्याआधी कापून घ्या, नाहीतर मुरदार होईल. जायज-नाजायजचा मसला आलिमांना विचारावा. आम्ही एवढेच सांगू की सुरी फिरल्याने अंगातला रोग आणि अंगातले औषध निघून जात नाही. पाय मोडलेली, अंडी संपलेली किंवा चरबीने जड झालेली कोंबडी, जिला औषध दिलेले नाही, ती कापण्यात अडचण नाही. पण ताप, हगवण, सडलेले पोट, संसर्ग किंवा औषधाची मुदत चालू असलेली कोंबडी पातेल्यात जाता कामा नये. वाचवलेल्या पैशांपेक्षा दवाखान्याचे बिल मोठे असते.

दुसरी वाट बाजाराची. आजारी कोंबडी गुरुवारच्या नाहीतर शुक्रवारच्या बाजारात नेऊन गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची. कापडात डागी माल असतो, पण तो डाग दाखवून, कमी भावाने विकतात. डाग आत दुमडून विकणारा एकदाच विकतो. कोंबडीचा डाग तर दुसऱ्याच्या अख्ख्या खुराड्यात पसरतो. त्या गिऱ्हाइकाच्या दहा कोंबड्या मेल्या, तर तो माल आपणच दिलेला असतो.

मेलेली कोंबडी नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये. कुत्री ती गल्लीभर नेतात. विहिरीपासून दूर, दोन-तीन फूट खोल खड्डा करून वर चुना टाकून पुरावी. एकाहून जास्त मेल्या तर पुरण्याआधी दवाखान्याला कळवावे. शवविच्छेदनात जे कळते ते शंभर औषधांनी कळत नाही. आपल्या राज्यात पुण्याला औंध येथे पशुरोगांची मोठी प्रयोगशाळा आहे आणि तालुक्याच्या दवाखान्यातून नमुने तेथे पाठवता येतात.

एकट्याने न होणारे काम

शेवटची गोष्ट लसीची. मानमोडीची लस स्वस्त आहे, पण तिची कुपी १०० किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची येते. ती कायम थंड ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी एवढी कुपी कोण फोडणार? म्हणून कोणीच लस घेत नाही आणि दर दोन-चार वर्षांनी गल्लीतली सगळी खुराडी एकाच आठवड्यात रिकामी होतात.

यावर उपाय अवघड नाही. गल्लीतल्या दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवावा. एकाने थर्मासमध्ये बर्फ घेऊन दवाखान्यातून लस आणावी, पशुधन पर्यवेक्षकांना बोलवावे आणि सकाळच्या दोन तासांत सगळ्यांच्या कोंबड्या उरकाव्यात. जंताचे औषधही त्याच बैठकीत ठरवावे. खर्च वाटून घेतला तर घराला चहाच्या कपाइतकाही येत नाही. सूत खरेदीसाठी आपण चार जण मिळून गाठ फोडतो, मग लसीची कुपी का फोडू नये?

जुनी कोंबडी घरात ठेवायची असेल तर तिला आठवड्याची पंधरा मिनिटे, शिंपल्याची एक वाटी आणि वर्षाची लस एवढे द्यावे लागते. हे जमत नसेल तर चांगली असतानाच, सांगून-सवरून, योग्य भावात तिचा व्यवहार करून टाकावा. खुराड्यात उपाशी आणि आजारी जीव कोंडून ठेवण्यात ना नफा आहे, ना भलाई.